बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

घरी डेस्कटॉप असेंबल करायचा म्हटलं की पहिले आठ दिवस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर खल चालतो. कॅबिनेटमध्ये कुठल्या रंगाचे दिवे, इथपर्यंत चर्चा जाते. बॅकअपचं नाव निघतं ते बजेट संपल्यावर! खरं तर हिशोब उलटा हवा. प्रोसेसर जळला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुसरा मिळतो. गेलेल्या आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून मी आधी डेटाचं ठरवलं, मग बाकीचं. ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर आणि ओव्या, फोटो, कागदपत्रं ४ टीबीच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर. म्हणजे सिस्टिम कधीही पुसून नव्याने टाकता येते. सोबत यूपीएस हवाच. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा काय भरवसा!

‘दोन डिस्क लावून रेड-१ करू, झाला बॅकअप,’ असं बरेच जण म्हणतात. मंडळी, रेड-१ म्हणजे आरसा. एक डिस्क मेली तर काम अडत नाही, एवढंच. फाइल डिलीट केलीत की ती आरशातूनही त्याच क्षणी गायब. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखं रॅन्समवेअर शिरलं तर दोन्हीकडच्या फाइल्स कुलूपबंद.

त्यापेक्षा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम बरा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर असते. रविवारी जोडायची, काम झालं की काढून कपाटात. तिसरी क्लाउडवर. दोन्हींसाठी रेस्टिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो. ते डेटा एन्क्रिप्ट करतं, पुढच्या वेळी बदललेला भागच पाठवतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतं. पहिला अपलोड मात्र धीराचं काम. १०० एमबीपीएसचा पूर्ण वेग मिळाला तरी १ टीबीला सुमारे २२ तास. आणि पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, म्हणून तो कागदावर लिहून भावाकडे ठेवलाय.

असो. खरी मेख पुढेच आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका कमांडने चित्रपटाच्या बहुतेक फाइल्स उडाल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करायच्या, आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती.

तात्पर्य काय, तर ‘बॅकअप सक्सेसफुल’ हा मेसेज पुरावा नव्हे. फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून, उघडून, ऐकून बघाल तोच पुरावा.

३१ मार्चला ‘वर्ल्ड बॅकअप डे’ असतो म्हणे. आपल्याकडे त्या दिवशी इयर एंडिंगच्या धामधुमीत कोणाला सवड? मी आपले पाडवा आणि दसरा धरलेत. दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायच्या आधी एक फोल्डर रिस्टोर करून बघायचा. पूजा त्यानंतर :-)