शहाळ्याच्या बेटावर

मालदीवमध्ये 1972 साली प्रवाशांसाठी पहिले बेट उघडले; नाव कुरुंबा, म्हणजे शहाळे. एका बेटावर एकच विश्रामधाम, हा तेथील प्रघात. चहूकडे समुद्र, आणि पाहुण्याच्या ताटात बहुधा परदेशातून आणलेले अन्न! देशी स्वयंपाक होतो तो नोकरांच्या भोजनगृहात. वाचकहो, गेलात तर न्याहारीस ‘मास हुनि’ आवर्जून मागावी. कुपा मासळी, खोवलेले खोबरे, कांदा, मिरची व लिंबू कालवून ती रोशीबरोबर खातात. रोशी ही आपल्या पोळीचीच बहीण. याहून बरे म्हणजे होडी करून वस्तीच्या बेटावर जावे. अंगभर वस्त्र असावे, व शुक्रवारची दुपार टाळावी. नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात. तेथील चहाच्या दुकानात मासळीचे सारण भरलेल्या करंज्या मिळतात; त्यांस बजिया म्हणतात. दाम थेट गावकऱ्याच्या हाती पडतो.