पाने किती मांडायची?

‘फंक्शन’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत केव्हाच रुळला आहे. मुंज असो, डोहाळजेवण असो की कुणाची साठीशांत असो. ‘रविवारी आमच्याकडे फंक्शन आहे’ म्हटले की सारे आले. आणि फंक्शन म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाने किती मांडायची?’ आचारी तो विचारतो, वाढपी विचारतो, आणि यजमान बिचारा बोटांवर माणसे मोजीत बसतो.

मौज अशी की, पायथन नावाच्या संगणकीय भाषेतही फंक्शने असतात आणि तिथेही पहिला प्रश्न हाच! ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत लिहावयास घेतली. १९९१ साली ती लोकांपुढे आली. नाव अजगराचे वाटले तरी ते घेतले आहे एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. या भाषेतले फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेले काम. कंसात सामग्री द्यावी, काम होऊन उत्तर हाती यावे. त्या सामग्रीला म्हणतात ‘आर्ग्युमेंट’. फंक्शन आणि आर्ग्युमेंट ही जोडी आपल्या लग्नघरांतही काही नवी नाही म्हणा!

साधे फंक्शन मोठे हिशेबी असते. दोन पाने मांडली असतील तर दोनच पाहुणे. तिसरा आला की ते काम थांबवते आणि चूक दाखवते. पण आमच्या इमारतीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा हे दोन पानांचे गणित चालेना. कुणी साऱ्या वर्षाची रक्कम एकदम देई, कुणी चार हप्ते पाडी, तर कुणी दर महिन्याला पन्नासाची नोट हाती ठेवी. यावर पायथनपाशी एक सुरेख तोड आहे. मी लिहिले: शिल्लक(*हप्ते). नावाआधी एक तारा, बस्स! मग हप्ते तीन येवोत की तेरा, तो तारा सर्वांना एका पुरचुंडीत बांधतो. या पुरचुंडीला ‘टपल’ म्हणतात. तिच्यात मागाहून काही घालता येत नाही, काढता येत नाही. पण आत किती आहेत ते केव्हाही विचारता येते. इंग्रजी पुस्तकांत ताऱ्यापुढे ‘आर्ग्ज’ लिहिण्याचा प्रघात आहे. पण महत्त्व ताऱ्याला, नावाला नव्हे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनला देवनागरी नावेही चालतात; ‘हप्ते’ पाहून ते कां-कूं करीत नाही.

आणखी गंमत म्हणजे, बांधणारा तारा सोडतोही! हप्ते आधीच एका यादीत असले, तर फंक्शनला हाक मारताना यादीआधी तारा लावावा. पुरचुंडी सुटते आणि रकमा एकेक करून आत जातात.

अशी अगत्याची सोय जुन्या भाषांतही होती, पण ती जरा भाबडी होती. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेतले ‘प्रिंटएफ’ घ्या. पाहुणे किती हे ते स्वतः मोजत नाही. पहिल्या मजकुरात टक्क्याची जितकी चिन्हे, तितके पाहुणे आले असे धरून चालते. तीन सांगून दोनच धाडले, तर तिसऱ्या पानावर भलतेच कोणी बसण्याचा संभव!

पहिल्या वर्षीच्या यादीत माझ्या फंक्शनने एका घरापुढे पूर्ण वर्षाची बाकी छापली. त्या घरातून एकही हप्ता आला नव्हता. ताऱ्याला शून्याचेही वावडे नसते. कोणीच आले नाही तर तो रिकामी पुरचुंडी बांधतो आणि कुरकुर न करता पुढे जातो. मी चिठ्ठी घेऊन वर गेलो. दार आजींनी उघडले. पैशांचे सारे व्यवहार आजोबा पाहत, आणि आजोबा श्रावणात गेले होते. चिठ्ठी मी खिशातच ठेवली.

पुढच्या बैठकीत सवलतीचा ठराव झाला आणि फंक्शनचे रूप बदलले: शिल्लक(*हप्ते, सवलत=0). ताऱ्यानंतर येणारी गोष्ट नाव घेऊनच द्यावी लागते, हा पायथनचा दंडक मला फार आवडला. नुसतेच पाचशे दिले तर तो हप्ता. ‘सवलत’ म्हणून पाचशे दिले तरच सवलत.

इथे एक मोह होतो. दोन तारे लावून ‘इतर’ असे लिहिले, तर नाव घेऊन येणारी कोणतीही अनोळखी गोष्ट फंक्शन आत घेते आणि ‘डिक्शनरी’त नावानिशी ठेवते. इंग्रजीत यालाच ‘क्वार्ग्ज’ म्हणतात. ऐकायला किती ऐसपैस! पण कुणी घाईत ‘सवलत’च्या जागी ‘सवलात’ लिहिले तर? दोन ताऱ्यांचे दार तिलाही आत घेईल, कोपऱ्यात बसवील आणि विसरून जाईल. चूक दाखवली जाणार नाही, आणि आजींच्या हाती पुन्हा पूर्ण रकमेची चिठ्ठी पडेल. म्हणून ते दार मी ठेवले नाही. आता चुकीचे नाव आले की फंक्शन तिथल्या तिथे अडते, आणि ते अडणे हीच आजींची राखण.

चांगला यजमान कसा असावा हे पायथनच्या ‘प्रिंट’कडून शिकावे. छापायला कितीही गोष्टी द्या, ते निमूटपणे छापते. काहीच दिले नाही तरी एक कोरी ओळ सोडते. पण नावाने द्यायच्या गोष्टी मात्र चारच: सेप, एंड, फाइल आणि फ्लश. पाचवे नाव घ्या, ते तात्काळ नकार देते. उलट सर्वांत मोठा आकडा काढणारे ‘मॅक्स’ पाहा. रिकाम्या हाताने गेलात तर ते स्पष्ट सांगते, निदान एक तरी द्या. काहीच नसताना थोरला कोण ठरवू?

संख्येचा आग्रह धरू नये, नावाचा मात्र जरूर धरावा, एवढे शहाणपण भाषेने दिले. शून्याचे काय करायचे, हे तिने ज्याचे त्याच्यावर सोपवले आहे. शून्य हप्ते म्हणजे शून्य माणसे नव्हेत, हे रिकाम्या पुरचुंडीला कसे कळणार? म्हणून माझ्या फंक्शनमध्ये आता एक ओळ जास्त आहे. पुरचुंडी रिकामी निघाली, तर ते बाकी छापत नाही. त्या घराच्या क्रमांकापुढे दोनच शब्द छापते: ‘भेटून यावे’.