कामठ्याची वाट आणि नागपूरचा राजपुत्र

गोष्टीतला दुष्ट राजपुत्र तुमच्या चांगलाच ओळखीचा असेल. लाडानं शेफारलेला, हट्टी, नोकरांवर चाबूक उगारणारा. शेवटच्या पानावर त्याची खोड मोडते आणि पुस्तक मिटून आपण जेवायला उठतो. पण असा राजपुत्र खऱ्या इतिहासात भेटला तर? मला तो भेटला कामठ्याला. नागपूरजवळची कामठी नव्हे हं! हे कामठा गोंदिया तालुक्यातलं.

दिवाळीच्या सुटीत मी गोंदियाला ताईकडे गेलो होतो. सातवीतली भाची म्हणाली, "मामा, कुठेतरी जाऊ या ना!" मग निघालो कामठ्याला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पिवळ्या झालेल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा, बरं का! मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत, त्यामुळे भाचीची नजर सारखी बाहेर. सारस काही दिसला नाही, बगळे मात्र पुष्कळ दिसले.

गोंदिया जिल्हा वयानं लहान. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. कामठ्याचं नाव मात्र जुनं. इथे मोठी जमीनदारी होती, किल्ला होता. आज लोक इथे येतात ते लहरी आश्रमात. गावात पोचल्यावर एका झाडाखाली बसून मी भाचीला गोष्ट सांगायला घेतली.

दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८१६ साली दुसरे रघुजीराजे वारले. त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो आजारी आणि दुबळा होता. स्वतःचा कारभार स्वतः पाहणं त्याला जमत नव्हतं. त्याच्या वतीनं राज्य पाहू लागला त्याचा चुलतभाऊ, मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. वय अवघं वीस. दुबळ्या भावाला सांभाळायचं, हे त्याचं काम. पण आप्पासाहेबाला गादीच हवी होती! आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून त्यानं १८१६च्या मे महिन्यात इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज नागपूर राज्यात आणून ठेवली.

१ फेब्रुवारी १८१७. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला होता. इकडे नागपूरच्या वाड्यात परसोजी बिछान्यात मरून पडलेला आढळला. आप्पासाहेबाच्या हुकमानं त्याचा गळा दाबला गेला होता.

"स्वतःच्या भावाला मारलं?" भाचीचे डोळे मोठे झाले. "मग त्याला शिक्षा कुणी केली?"

शिक्षा कसली! तोच राजा झाला, आणि इंग्रजांनी त्याला मान्यताही दिली. पण लवकरच दोघांचं बिनसलं. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि आप्पासाहेबाची फौज हरली. पुढे मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडलं, आणि तेव्हा परसोजीच्या खुनाचा आरोप पुढे आला. पाहिलंत? दोस्ती होती तोवर त्याच खुनाकडे काणाडोळा!

अलाहाबादला नेत असताना आप्पासाहेब शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटला. महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांनी त्याला आसरा दिला. आणि इथे, कामठ्यात, जमीनदार चिमणा पटेल त्याच्या बाजूनं इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला. कामठ्याचा किल्ला पडला, चिमणा पटेल पकडला गेला आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली.

आणि राजपुत्र? तो असीरगड, पंजाब असा फिरत राहिला. शेवटी जोधपूरला राजा मानसिंगाच्या आश्रयाला राहिला आणि १८४० साली तिथेच वारला. नागपूर त्याला पुन्हा दिसलं नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे आप्पासाहेब चांगला की वाईट?"

मी म्हटलं, "दुबळ्या भावाचा त्यानं जीव घेतला. पुढे तो इंग्रजांशी लढला म्हणून ते पाप पुसलं जात नाही. आणि त्यानं पाप केलं, म्हणून इंग्रजांना त्याचं राज्य गिळायचा हक्क मिळतो, असंही नाही."

"आणि चिमणा पटेल?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तो त्या राजपुत्रासाठी लढला, की परक्यांचा अंमल नको म्हणून? राजपुत्र निसटला. मागे राहिले ते किल्ल्यातले शिपाई आणि या बांध्यांत रोवणी करणारी माणसं. राजवाड्यातल्या एका माणसाच्या हावेची किंमत शंभर मैलांच्या आत-बाहेर असलेल्या गावांनीही मोजली.

परतताना ऊन उतरलं होतं. बांध्यांत कापणी चालू होती. भाची खिडकीतून बघत म्हणाली, "मामा, गोष्टीच्या पुस्तकात गावातल्या माणसांचं पुढे काय झालं, ते सांगतच नाहीत ना?"

खरंच की! पुढच्या वेळी राजपुत्राची गोष्ट वाचाल, तेव्हा तुम्हीही हा प्रश्न विचारून बघा.