कल्हई, अळीव आणि हयातीचा दाखला

छपाईच्या किरकोळ कामांवर आमचं घर चालतं. त्या वर्षी दिवाळीआधी एका मोठ्या कामाचे पैसे यायचे होते. धनत्रयोदशीच्या सकाळी निरोप आला, ‘आता दिवाळीनंतरच बघू.’ किराणा आणि फराळ आधीच उरकला होता, पण भेटींसाठी हातात राहिले तीन हजार रुपये. वेळही लक्ष्मीपूजनापर्यंतचाच, कारण पाडव्याला पुण्याच्या पेठांमधल्या निम्म्या दुकानांची शटरं खाली असतात.

लक्ष्मी रोडवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. सुक्या मेव्याचे डबे हातात घेऊन पाहिले. निम्मे पैसे खोक्याचे आणि जरीच्या फितीचे. आत मूठभर बदाम, मूठभर बेदाणे. असे डबे न उघडताच या घरातून त्या घरात जातात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. बायको म्हणाली, “काय घ्यायचं ते राहू दे. कोणाचं काय अडलंय ते आठव.” मग मंडईपाशी चहा घेता घेता एका पावतीच्या मागे नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे ते माणूस वर्षभर ‘करायचंय, पण राहूनच जातंय’ म्हणत होतं ती गोष्ट.

सगळ्यात सोपं भाच्याचं. ताई कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. दरवर्षी सोसायटीतली मुलं किल्ला करतात आणि हा नुसता बघत उभा राहतो, कारण त्याच्याकडे माती नाही. रोपवाटिकेतून लाल मातीची दोन पोती घेतली, किराणा दुकानातून अळीव, आणि कसब्यातल्या कुंभारवाड्याकडून मावळे, एक तोफ, सिंहासनावरचे महाराज. किल्ल्याला अळीवच लागतं. भिजलं की ते बुळबुळीत होतं आणि उभ्या उताराच्या मातीलाही धरून राहतं. दुसरं बी पहिल्या पाण्यालाच खाली ओघळतं. शिवाय दोन दिवसांत मोड येतात, म्हणजे उशीर झालेल्यांनाही भाऊबीजेपर्यंत हिरवा डोंगर मिळतो. संध्याकाळी विटा रचून, गोणपाट टाकून आम्ही दोघांनी चिखल थापला. भाचा घराच्या दारापर्यंत आला तेव्हा कोपरापर्यंत लाल झाला होता आणि ताई त्याला आत घ्यायला तयार नव्हती.

मामांचे गुडघे गेलेत. वाचनालयाचा जिना त्यांना चढवत नाही आणि दिवाळी अंकांच्या किमती पाहून ते विकत घेत नाहीत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, ती मराठीतल्या दिवाळी अंकांची सुरुवात मानतात. मामांच्या घरात तेव्हापासूनच अंक येत असावेत, अशा थाटात ते अंकांबद्दल बोलतात. आमच्या भागातल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना आहे. तीनेक अंकांच्या किमतीत काही महिने हवे तेवढे अंक आळीपाळीने घरी न्यायचे. मामांच्या नावाने पैसे भरले आणि अंक बदलून आणायचं काम माझ्याकडे घेतलं. “पुढच्या आठवड्यात नक्की येशील ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

शेजाऱ्यांसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, कपूरकाचरी, आवळकाठी, वाळा यांची पूड घेतली, घरी मसुराच्या पिठात मिसळून उटणं केलं आणि छापखान्यातल्या रंगीत कागदाच्या कटिंगमधून पुड्या बांधल्या.

बंगळुरूच्या मित्राला काय द्यावं ते सुचेना. पण त्याच्या मनाला एकच घोर होता: इथे एकट्या राहणाऱ्या आईचा हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहायला तो नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि बँकेत त्या महिन्यात काठी टेकत आलेल्या माणसांची रांग असते. दाखला 2014 पासून डिजिटल करता येतो, आणि आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही होतो. दिवाळी नोव्हेंबरातच होती. काकूंचं आधार कार्ड आणि पेन्शनचे कागद घेऊन बसलो. चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, आता डोळे मिटा-उघडा, असं करत तिसऱ्या खेपेला झालं. त्यांनी पहिल्यांदा अंबाडा नीट केला होता, फोटो चांगला यावा म्हणून. मित्राला दाखल्याची प्रत पाठवली. त्याला याहून मोलाची भेट मी विकतही आणू शकलो नसतो, असं मला आजही वाटतं.

राहिली ताई. आईचं पितळी पातेलं तिच्या माळ्यावर पडून होतं. आतली कल्हई पार गेलेली, आणि अशा भांड्यात आंबट काही केलं की ते कळकतं. ‘कल्हईवाला आता दारावर येतो कुठे?’ हे तिचं नेहमीचं. किल्ल्याच्या गडबडीत भाच्यानेच ते माळ्यावरून काढून माझ्या पिशवीत टाकलं. तांबट आळीच्या बाजूला विचारत गेलो. कल्हईवाले काका म्हणाले, “आता वेळ नाही, भांड्यांचा ढीग बघा.” पातेलं बाहेर काढल्यावर मात्र त्यांनी ते हातात घेऊन काठावर टिचकी मारली. “जुनं आहे. बसा.”

भात्याने निखारे फुलवले, घासून स्वच्छ केलेलं पातेलं त्यावर फिरवत तापवलं. नवसागराची चिमूट पडली तसा पांढरा धूर उठला आणि नाकात झोंबला. लगेच कथलाची कांडी आत टेकवली, थेंब वितळला. कापसाच्या बोळ्याने तो भराभर फिरवला आणि काळपट तळ आमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखा झाला. थोडा उशीर झाला तर कथील जळतं, लवकर केलं तर धरत नाही, असं काका न बघताच सांगत होते. साडेतीनशे रुपये झाले, आणि त्या तीन हजारांत मला ते सगळ्यात सार्थकी लागलेले वाटले.

भाऊबीजेला ताईने ओवाळलं. ओवाळणी म्हणून मी पातेलं पुढे केलं. तिने आत हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि पितळेचा एक गंज आणि एक वेळणी घेऊन आली. “ही पण ने. तुळशीचं लग्न झालं की ने, तेव्हा त्यांना गर्दी कमी असेल. पैसे मी देणार.” आणि त्या रात्री आमटी त्याच पातेल्यात झाली, चिंच-गुळाची.