डोळ्यांच्या उंचीवर

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली लागते. श्रावणात कॅमेरा घेऊन तिथं गेलो, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका आजींची मुलाखत घ्यायला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या १ लाखावर ओव्या जमवल्या. मावळातल्या या डोंगरी गावांचा त्यात मोठा वाटा. ते काम वाचून मला इकडची ओढ लागली होती.

पहिला दिवस वाया गेला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की आजींचा आवाज त्यात बुडाला. पण खरी चूक माझी. घरच्यांनी पुढं केलेल्या खुर्चीवर मी बसलो, कॅमेराही त्याच उंचीला लावला. आजी खाली जमिनीवर. रात्री चित्रण पाहिलं तर त्या मान वर करून बोलत होत्या, कचेरीत साहेबापुढं अर्ज घेऊन आल्यासारख्या. फार लाज वाटली.

भाताची झोडणी उरकल्यावर पुन्हा गेलो. या वेळी पोत्यावर बसलो. स्टँडचे पाय पसरून लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणली आणि स्वतः लेन्सला चिकटून बसलो, म्हणजे त्या यंत्राशी नाही, माझ्याशी बोलतील. दार पाठीमागं आलं की चेहरा काळा पडतो, म्हणून त्यांना दाराकडं तिरपं तोंड करून बसवलं. ट्यूब बंद केली. आपली वीज ५० हर्ट्झची; शटर १/५० किंवा १/१०० वर नसेल तर चित्र लुकलुकू शकतं. त्यापेक्षा दारातला उजेड चांगला. कॉलर माइक सुनेनं लावून दिला, पोतीचे मणी आणि पदर त्याला घासणार नाहीत असा.

"आजी, तुम्ही ओव्या म्हणायचात का?"

"व्हय."

संपलं! मग विचारलं, "पहाटं जात्यावर बसायचात, तेव्हाचं सांगा." त्या थोडं बोलल्या, थांबल्या. मला लगेच पुढचा प्रश्न टाकायची सवय. या वेळी मनात अंक मोजत गप्प राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "बाळा, अशी बसून न्हाई याद यायची. जात्याचा खुंटा हातात पायजे."

पडवीत जातं होतं. जमिनीची थरथर शिरू नये म्हणून दुसरा रेकॉर्डर घोंगडीच्या घडीवर ठेवला. हात फिरला आणि ओव्या एकीमागून एक येत गेल्या. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या पडवीची नुसती शांतता मिनिटभर टिपली. संकलनात दोन वाक्यांमधला सांधा तिनंच बुजतो.

हे कुठं दाखवणार, ते आधी सांगितलं होतं. निघतानाही पुन्हा विचारलं. मेलेल्या बहिणीवरची एक ओवी आजींनी नको म्हटली. ती पुसली. बाकीचं सगळं घरच्यांना पेनड्राइव्हवर दिलं.

तुमच्या घरी खुंटा धरलेले हात अजून असतील, तर या सुट्टीत फोन घेऊन जा. त्यांच्यासमोर जमिनीवर बसा, आणि त्या थांबल्या तरी रेकॉर्डिंग थांबवू नका.