बॅटरीलाही वारा हवा

भावजींनी जुन्या गाडीत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज बसवला आणि मे महिन्यात बेळगावहून श्रवणबेळगोळला जायचं ठरलं. सासूबाईंचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून माझं सगळं लक्ष पलंगाखालच्या लिथियम बॅटरीकडे. भावजी म्हणाले, "वहिनी, फ्रीजला बॅटरी लागते आणि बॅटरीला वारा!"

ही बॅटरी साधारण ६० अंशांपर्यंत वीज देते; पण ४५च्या वर तापली की चार्ज करायची नाही. आतलं सर्किटच चार्जिंग तोडतं. फ्रीज चालतो, शिल्लक मात्र संपत जाते. शिवाय रोजच्या उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

म्हणून ती उन्हाच्या पत्र्यापासून दूर ठेवली, तापणारा इन्व्हर्टर वेगळ्या कप्प्यात नेला, चारी बाजूंनी जागा सोडली. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर, असा छोटा पंखा लावला. दुपारी गाडी झाडाखाली.

बाहुबलींचं दर्शन घेऊन परतेपर्यंत इन्सुलिन थंड राहिलं. बायांनो, गाडीत मोकळी जागा दिसली की आपला हात पिशवी कोंबायला शिवशिवतो. बॅटरीभोवतीची तेवढी मोकळी राहू द्या.