साठीनंतरचे हात

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. पण पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे चरित्र वाचले की ही म्हण खोटी वाटू लागते. १८६७ साली सावंतवाडी संस्थानात जन्मलेले पंडितजी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले. आपले लातूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादला, आणि पुढे लाहोरला त्यांनी चित्रकार म्हणून व्यवसाय केला. पन्नाशीच्या सुमारास ते औंधला येऊन वेदाभ्यासात रमले. १९४८ साली, ऐंशी वर्षांचे असताना, आपले स्वाध्याय मंडळ घेऊन ते आजच्या गुजरातेतील पारडीला गेले आणि तेथे पुन्हा कामाला लागले. १९६८ साली ते वारले, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

कोणी म्हणेल, ते पंडित होते. पण आमची आजी? सत्तरी उलटली, खुरपणीला जाणे सुटले. आता ती जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते. कोणता तुकडा कुठे शोभेल, हे मनाशीच ठरवते. वडील म्हणतात, ‘माय, आता तरी गप बस की.’ ती म्हणते, ‘नुसतं बसून दिस सरतोय व्हय?’

फरक एवढाच, की पंडितजींनी प्रत्येक काम स्वतः निवडले. आजीला आयुष्यभर मजुरीने निवडले. मनाजोगे काम तिला सत्तरीनंतर मिळाले. शिकून मला नोकरी लागावी, हे तिचे स्वप्न आहे. नोकरी मलाही हवीच. पण मनाजोग्या कामासाठी सत्तरीपर्यंत थांबावे लागू नये, म्हणूनही मी शिकतो आहे.